निष्पत्ती क्रमांक नऊ

माझ्याकडे एक प्रमाणपत्र आहे. लॅमिनेट केलेलं, कडेला सोनेरी वेलबुट्टी, खाली तीन सह्या, त्यातल्या दोन शिक्क्याच्या. 'इयत्तानिहाय अध्ययन निष्पत्ती व प्रमाणित चाचणी यांची सांगड' या दोन दिवसांच्या कार्यशाळेत मी 'उल्लेखनीय योगदान' दिल्याचं त्यावर लिहिलं आहे. ते योगदान द्यायला मला दहा सेकंद लागले होते. त्याचं पुढे काय झालं ते मात्र जरा सावकाश सांगावं लागेल.

कोलशेतच्या खाडीकाठ विद्यामंदिरात मी तिसरीची बाई आहे. सव्वीस वर्षं शिकवतेय. शाळेच्या मागे खाडी आणि पुढे टॉवर. टॉवरमधली मुलं आमच्या शाळेत येत नाहीत, त्यांच्या गाड्या तेवढ्या आमच्या फाटकासमोर उभ्या असतात. आमच्याकडे येतात ती गावातली मुलं, चाळीतली मुलं आणि इंग्रजी शाळेने 'हिचं काही होणार नाही' असं सांगून घरी पाठवलेली मुलं.

रेचल या शेवटच्या गटातली. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ती आमच्याकडे दुसरीत आली तेव्हा मीच तो वर्ग घेत होते. त्याआधी दीड-दोन वर्षं ती इंग्रजी शाळेत होती आणि तिथे ती एकच गोष्ट उत्तम शिकली होती. चित्र बघायचं आणि ठोकून द्यायचं. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोर पुस्तक ठेवलं. पानावर झाडाखाली बसलेली एक म्हातारी होती. रेचल ओळींवरून बोट फिरवत न अडखळता वाचू लागली, "एक आजी होती. ती दमली. ती झाडाखाली बसली." बोट अगदी बरोबर फिरत होतं, ओळ संपली की खालच्या ओळीवर येत होतं. ओळींत मुंग्यांबद्दल लिहिलं होतं. इतक्या आत्मविश्वासाने न वाचणारं मूल मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी काही मोठं संशोधन केलं नाही. तळहात उचलला, चित्रावर ठेवला आणि म्हटलं, "आता वाच." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातले दिवेच घालवलेत. मग रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तळहात, पुन्हा रडणं. असं तीन महिने चाललं. फेब्रुवारीत एक दिवस तिने माझ्या हाताच्या कडेने डोकावत 'का-स-व' असं फोडून वाचलं, मग 'कासव' असं एकदम वाचलं, आणि स्वतःशीच हसली. त्यानंतर मला हात ठेवावा लागला नाही. ती स्वतःच आपला छोटा तळहात चित्रावर ठेवायची आणि सांगायची, "टीचर, मी झाकलं."

मग ती सुटलीच. दुकानाच्या पाट्या, रिक्षाच्या मागची वाक्यं, भिंतीवरचे नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फलक. मुख्य म्हणजे आजीच्या गोळ्यांची पाकिटं. तिची आजी मॅग्डलीन मावशी बाजारात मासळी विकते. तिला साखरेचा त्रास आहे आणि अक्षर एक वाचता येत नाही. गोळ्या ती रंगावरून ओळखायची. एकदा औषधवाल्याने वेगळ्या कंपनीच्या गोळ्या दिल्या, रंग बदलले, आणि मावशी दोन दिवस चक्कर येऊन पडली होती. आता औषधवाला पाकिटावर 'सकाळी उपाशी', 'रात्री जेवल्यावर' असं लिहून देतो आणि रेचल ते वाचून दाखवते.

"टीचर, सकालची गोली कोनची, रातची कोनची, सगला सांगते मना," मावशी शाळेच्या फाटकात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. "इंग्लिश शाळंवाले बोलत होते, हिच्या डोक्यात भुसा हाय."

रेचलची आई कुवेतला घरकामाला आहे. बाप झेवियर वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात मशीनवर काम करतो. माणूस वाईट नाही, पण दीड वर्ष इंग्रजी शाळेतल्या बाई त्याला 'शी इज अ स्वीट चाइल्ड' असं सांगत राहिल्या आणि शेवटी हातात दाखला दिला. तेव्हापासून त्याचा शिक्षकांच्या तोंडी बोलण्यावर विश्वास उरलेला नाही. त्याच्या बहिणीने वसईकडच्या एका बोर्डिंगमध्ये रेचलसाठी जागा बोलून ठेवली होती. मावशीने रडून, भांडून, दोन दिवस न जेवता एक वर्ष मागून घेतलं. ठरलं ते असं. तिसरीच्या चाचणीच्या कागदावर 'प्रगत' आलं तर रेचल आजीजवळ राहील. नाहीतर जूनपासून बोर्डिंग.

"तुम्ही चांगल्या आहात टीचर," झेवियर मला म्हणाला होता. "पण मी आता कागद काय बोलतो तेच बघणार."

त्याच वर्षी कागदाने काय बोलायचं हे ठरवायला मला बोलावणं आलं.

कार्यशाळा कल्याणच्या एका मंगल कार्यालयात होती. पौष महिना, लग्नाचे मुहूर्त नाहीत, हॉल रिकामा, म्हणून तिथे शिक्षणाचं कार्य काढलं होतं. खुर्च्यांना मागे लाल साटीनचे बो बांधलेले. स्टेजवर वधूवरांचा सोफा, त्यावर मार्गदर्शक म्हणून जिल्ह्याच्या कार्यालयातले रवींद्र सर. त्यांच्या शेजारची वधूची जागा रिकामी होती, तिथे प्रोजेक्टर ठेवला होता.

सर म्हणाले की प्रत्येक इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती ठरलेल्या आहेत. म्हणजे त्या इयत्तेतल्या मुलाला काय काय यायला हवं त्याची यादी. पूर्वी आम्ही याला 'येतंय का' म्हणायचो, पण त्याला क्रमांक नव्हता. आता चाचणीतला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या निष्पत्तीला जोडायचा होता. डावीकडे निष्पत्ती, उजवीकडे प्रश्न, मध्ये रेघ. चौथीत आपण जोड्या लावा करतो, तेच. फरक एवढाच की चौथीतल्या जोड्या आधी जुळणाऱ्या असतात.

दुपारी जेवायला श्रीखंड-पुरी आणि मसालेभात. आचारी लग्नाचेच होते, त्यांना दुसरं काही करता येत नसावं. जेवणानंतर आमच्या गटातल्या दोघांनी साटीनच्या बोवर मान टेकली ती चहापर्यंत उचलली नाही. तक्ता माझ्याकडे आला. सगळं भरलं, आणि फॉर्म काही केल्या पुढे जाईना. एक चौकट लाल दिसत होती. निष्पत्ती क्रमांक नऊ, 'चित्राच्या आधारे अंदाज करत वाचतो'. तिला एकही प्रश्न नव्हता. निष्पत्ती क्रमांक चार, 'मजकूर वाचून अर्थ सांगतो', तिच्याकडे तीन होते.

सातव्या प्रश्नाच्या शेजारी चित्राची जागा होती. चार ओळींचा उतारा आणि खाली प्रश्न. मी सातवा प्रश्न चारवरून उचलला आणि नऊला लावला. दहा सेकंद. चौकट हिरवी झाली. पावणेपाच वाजले होते आणि मला घोडबंदर रोडची कोंडी लागायच्या आत घरी पोचायचं होतं.

"मॅडमनी सांगड घातली," रवींद्र सरांनी सोफ्यावरून जाहीर केलं. टाळ्या पडल्या. झोपलेले दोघे टाळ्यांनी जागे झाले आणि त्यांनीही वाजवल्या.

मार्चमध्ये चाचणी झाली. तीस गुणांची, 'प्रगत' व्हायला बारा हवेत. तपासणीसाठी शाळांनी पेपर अदलाबदल केले. आमचे टिटवाळ्याच्या एका शाळेत गेले, त्यामुळे कुणाला लाडाने अर्धा गुण वाढवायची सोय नव्हती. निकाल आला त्या दिवशी मी आधी खालून वाचायला सुरुवात केली, कारण रेचलचं नाव मला तिथेच असेल असं वाटत होतं. तिला अकरा होते.

अकरा. मी पेपर मागवून घेतला. गणितातली गडबड अपेक्षित होती. लेखनात काना-वेलांटीचे गुण गेले होते, तेही कबूल. मग सातवा प्रश्न. उतारा असा होता, 'ताई पिशवी घेऊन निघाली. आजीला ताप आला आहे. ताई दवाखान्यात जाते. ती औषध आणेल.' प्रश्न होता, 'ताई कुठे निघाली आहे?' रेचलने लिहिलं होतं, 'दवाखान्यात'. 'खा' नीट काढलेला, 'न्या' थोडा वाकडा. त्यावर लाल फुली होती आणि दोनपैकी शून्य गुण होते.

उताऱ्याशेजारी चित्र होतं. त्यात भाजीचे ढीग होते, तराजू होता, टोपल्या होत्या. आणि एक मुलगी पिशवी घेऊन उभी होती. उत्तरसूचीत उत्तर होतं 'बाजारात'.

मी वर्गाचे सगळे पेपर काढले. चोवीस मुलं. एकोणीस जणांनी 'दवाखान्यात' लिहिलं होतं आणि सगळ्यांना शून्य. पाच जणांना दोनपैकी दोन. ही पाच म्हणजे ज्यांना अजून वाचता येत नाही आणि ज्यांच्यापायी मी रोज घसा बसवून घेते, ती. बाकी अठरा जणांना दोन गुण गेल्याने काही फरक पडला नाही. रेचलला पडला. हाच पेपर दीड वर्षापूर्वी आला असता, तर तिने चित्राकडे एक नजर टाकून 'बाजारात' म्हटलं असतं. तिला तेव्हा लिहिता येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कार्यालयात गेले. रवींद्र सरांनी पाणी मागवलं. वागायला ते नेहमीच सभ्य आहेत.

"मॅडम, उत्तरसूची अंतिम आहे."

"सर, उताऱ्यात दवाखाना लिहिलंय."

"उतारा आधाराला आहे. प्रश्न निष्पत्ती नऊचा आहे. चित्राच्या आधारे अंदाज. चित्रात काय आहे?"

"चित्र चुकलंय."

"चुकलंच आहे," ते शांतपणे म्हणाले. "छापखान्याने दुसऱ्याच पेपरचं चित्र टाकलं. गठ्ठे सगळीकडे पोचल्यावर आमच्या लक्षात आलं. मग काय, सगळे पेपर परत छापायचे, की उत्तरसूचीतला एक शब्द बदलायचा? तुम्हीच सांगा."

मग त्यांनीच पुढे सांगितलं.

"आणि बदलायला कागदोपत्री आधार होता म्हणून निभावलं. सातवा प्रश्न नऊला जोडलेला होता. तो चारला असता तर पंचाईत होती, मजकुराप्रमाणे उत्तर घ्यावं लागलं असतं." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तक्त्यात शेवटी एक रकाना होता, 'सांगड घालणाऱ्याचे नाव'. सातव्या ओळीत माझं नाव होतं, आडनावासकट.

मला तोंडाळ म्हणतात आणि ते खरं आहे. मुख्याध्यापकांशी, पालकांशी, पाणीवाल्याशी, सगळ्यांशी मी भांडलेली आहे. त्या खुर्चीवरही राग खूप आला होता, पण तो कुणावर काढायचा त्याचं नाव समोर स्क्रीनवर होतं.

"तुमचा वर्ग नऊमध्ये एवढा मागे कसा?" सरांनी काळजीने विचारलं. "बाकी शाळांत सत्तर टक्के मुलांनी बाजार लिहिलंय."

"सर, माझी मुलं वाचतात."

"तेच तर," सर म्हणाले. "कृती कार्यक्रम घ्या. पंधरा दिवसांनी फेरचाचणी आहे, हुकलेल्या निष्पत्तीची. बाराच्या आतल्या मुलांची नावं कळवा."

बाराच्या आत एकच नाव होतं, वाचता न येणारी पाचही मुलं गणितावर आणि त्या चित्रावर तरली होती. ते कळवायला ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात 'अप्रगत राहण्याचे कारण' निवडायचं होतं. अनियमित उपस्थिती, पालकांचे दुर्लक्ष, सदोष अध्यापन. 'मूल वाचतं' असा पर्याय नव्हता. मी तिसरा निवडला. खोटं लिहिल्यासारखं वाटलं नाही.

झेवियरला मी गाठलं ते त्याच्या कारखान्याच्या गेटबाहेर, चहाच्या टपरीशी. पेपर दाखवला, उतारा वाचून दाखवला, चित्र दाखवलं. तो नीट ऐकून घेत होता.

"म्हणजे तिचं बरोबर आहे," तो म्हणाला.

"शंभर टक्के बरोबर आहे."

"आणि कागदावर अप्रगत आहे."

"हो."

"टीचर, त्या शाळेत पण मला हेच बोललेले. तिला सगळं येतं, फक्त पेपरात येत नाही." त्याने कप ठेवला. "पंधरा दिवस थांबतो. बहिणीला फोन नाही करत."

फेरचाचणीचे पेपर आधीच शाळेत येऊन पडले होते. मी वरचा एक उचलून पाहिला. नवीन काही छापलं नव्हतं, पहिल्या वेळचे गठ्ठे उरले होते. तीच ताई, तीच पिशवी, तोच भाजीबाजार. फक्त सातवा प्रश्न सोडवून घ्यायचा होता. रेचलला बोर्डिंगपासून वाचवायला एक शब्द पुरेसा होता आणि तो मला माहीत होता.

मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवलं. पेपर समोर ठेवला. तिने सवयीने तळहात उचलला आणि चित्रावर ठेवला.

"हात काढ," मी म्हणाले. "चित्र बघ. ताई कुठे निघाली आहे?"

तिने चित्र पाहिलं, मग ओळी पाहिल्या, मग मला पाहिलं. "दवाखान्यात. इथे लिहिलंय ना, टीचर."

"लिहिलंय. पण चित्रात काय दिसतं?"

"भाजी."

"मग ताई कुठे चालली?"

"दवाखान्यात." ती थोडी घाबरली. "मी चुकीचं वाचलेलं काय?"

इथे मला नाही म्हणता आलं असतं. नाही गं, तू बरोबर वाचलंस, मोठी माणसं चुकली, मीही चुकले. नऊ वर्षांच्या मुलीला हे कळतं. पण मग पेपरात ती पुन्हा 'दवाखान्यात' लिहिणार, कारण तिला खोटं लिहिता येत नाही आणि मला ते ठाऊक होतं. मी तिला ओळखते. शिवाय जूनमध्ये मावशीच्या गोळ्या कोण वाचणार, हाही विचार आला, तो खोटा नाही.

"या पेपरात अक्षरं बघायची नसतात," मी म्हणाले.

"मग लिहिलीत कशाला?"

सव्वीस वर्षांच्या अनुभवाच्या आणि एका लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्राच्या बळावर मी माझा तळहात उचलला आणि ओळींवर ठेवला. चारही ओळी झाकल्या गेल्या, माझा हात मोठा आहे.

"आता सांग."

"बाजारात," रेचल म्हणाली.

मी शाबास म्हटलं. तोच हात, तीच मुलगी, तेच बाक. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. पंधरा दिवस आम्ही रोज हे केलं, कारण कृती कार्यक्रमाचे फोटो रोज अपलोड करायचे होते.

फेरचाचणीत तिने 'बाजारात' लिहिलं. दोनपैकी दोन. अकरा आणि दोन तेरा. कागदावर 'प्रगत' आलं. झेवियरने त्या कागदाचा फोटो काढून कुवेतला पाठवला आणि बहिणीला फोन करून जागा सोडायला सांगितली. मावशीने मला पिशवीभर कोलंबी आणून दिली, सोललेली.

"माजी पोर माज्याजवल रायली, टीचर," ती म्हणाली आणि फाटकातच रडायला लागली. मीही रडले. तिला वाटलं आनंदाने.

आठवड्याभराने रवींद्र सरांचा फोन आला. फेरचाचणीत निष्पत्ती नऊमध्ये शून्यावरून शंभर टक्के प्रगती दाखवणारा जिल्ह्यातला एकमेव वर्ग माझा निघाला होता. एकच विद्यार्थिनी, पण टक्केवारीत तसं दिसत नाही. त्यावर यशोगाथा हवी होती, पुस्तिकेत छापायला. दोनशे शब्द आणि मुलगी वाचत असल्याचा एक फोटो, तारीख आणि ठिकाण खाली दिसेल असा.

दोनशे शब्द मी लिहिले. त्यात मला काही कठीण गेलं नाही, असं लिहिण्याचं आम्हाला प्रशिक्षण आहे. फोटोसाठी मधल्या सुट्टीत रेचलला व्हरांड्यात बसवलं, उजेड चांगला होता. गोष्टीचं पुस्तक तिच्या मांडीवर उघडून दिलं. डाव्या पानावर विहिरीचं चित्र, उजवीकडे मोठ्या टाइपात आठ ओळी. हे पुस्तक तिने फेब्रुवारीत दोनदा वाचलं होतं.

"वाच," मी म्हणाले आणि फोन डोळ्यांसमोर धरला.

तिने तळहात ओळींवर ठेवला. एक पुरला नाही म्हणून दुसराही ठेवला. मग विहिरीकडे बघत मोठ्या आवाजात सुरुवात केली, "एक विहीर होती. एक बाई पाण्याला आली."

"हात काढ गं, अक्षरं दिसू देत."

"नको टीचर," ती म्हणाली. "चुकून वाचलं जाईल."

मी फोन खाली ठेवला. तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि माझा तळहात विहिरीवर ठेवला. "आता वाच," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली, पण तिने हात काढले नाहीत. डावं पान माझ्या हाताखाली, उजवं तिच्या. पुस्तकात आता काहीच दिसत नव्हतं, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो.